पोरगा येत नसेल तरी घरच्यांना आत घ्या

मा. संपादक,

आधी मागणीच लिहितो. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनात अडकलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी ठेवा. मुलगा बरोबर आला नसला तरी आईच्या नावाने केसपेपर निघाला पाहिजे आणि कोणीतरी समोर बसून तिचं ऐकून घेतलं पाहिजे.

हे लिहायचं कारण माझी बहीण. तिचा मुलगा कॉलेजात असताना गांजा ओढायला लागला, मग गोळ्या, मग पावडर, आणि मध्ये मध्ये दारू तर आहेच. ट्रीटमेंटला तो यायला तयार नाही. आम्ही एका ठिकाणी चौकशी केली तर पहिला प्रश्न, पेशंट कुठाय? पेशंटला घेऊन या मग बघू. आता जो घरातल्या घरात हाक मारली तर ओ देत नाही त्याला गाडीत घालून आणायचं कसं, आणि तो येईपर्यंत ह्या बाईने काय करायचं, ह्याचं उत्तर तिथे कोणाकडेच नव्हतं.

बहीण पर्स उशीखाली घेऊन झोपते. गोवा सरकारच्या गृहआधार योजनेचे 1500 रुपये जमा झाल्याचा मेसेज आला की संध्याकाळपर्यंत घरात भांडण ठरलेलं, कारण मोबाईलचा पिन त्याला माहीत आहे, बदलला की पुन्हा भांडण. लग्नामुंजीला जाणं सोडलंय, कोणी विचारलं तर मुलगा पुण्याला कामाला आहे म्हणून सांगते. तिला बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलं, घरात काय चाललंय ते विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. भावोजी दिवसभर ट्रकवर, रात्री आल्यावर दोघं एकमेकांवरच ओरडतात. धाकट्या मुलीकडे तर कोणाचं लक्षच नाही, ती यंदा दहावीला आहे.

सल्ले मात्र भरपूर मिळतात. घराबाहेर काढ, खोलीत कोंडून ठेव, लग्न करून दे म्हणजे सुधारेल. शेजारपाजारचे तर तोंडावरच बोलतात, आवयन लाड करून इबाडलो, म्हणजे आईनेच लाड करून बिघडवला. देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही, तिला तिथे खरंच थोडं बरं वाटतं. पण रात्री दोन वाजता पोरगा दार वाजवतो तेव्हा उघडायचं की नाही, उघडलं तर तेव्हाच बोलायचं की सकाळी, पाचशे रुपये मागितले आणि नाही दिले तर तो चोरी करेल ही भीती, दिले तर आपणच नशेला पैसे पुरवतो ही बोच, हे तिने कोणाला विचारायचं?

काही गोष्टी तर घरच्यांना माहीत नसल्या तर जीवावर बेततात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवणं धोक्याचं आहे, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. ब्राऊन शुगरसारख्या नशेचा मुलगा काही महिने सेंटरमध्ये राहून घरी आला आणि पुन्हा पूर्वीएवढाच डोस घेतला तर तो मरू शकतो, कारण मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते. म्हणजे घरचे हुश्श करतात नेमका तोच काळ जास्त जपायचा. हे किती आयांना कोणी सांगितलंय? आणि पोलिसांच्या भीतीने लोक मुलाला लपवतात, पण 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातच 64ए कलम आहे, नशा केल्याचा किंवा थोडासा माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही, फक्त उपचार पूर्ण करायला पाहिजेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सुद्धा दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजारातच धरलेत. घरी येऊन हे समजावून सांगणारं कोणी नाही.

आता कोणी म्हणेल की एवढे सायकियाट्रिस्ट आणायचे कुठून. नकोतच एवढे. आपल्याच गोव्यात संगाथ संस्थेने आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना ट्रेनिंग देऊन जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करून दाखवलं, नेहमीच्या उपचाराला त्याची जोड दिल्यावर फरक पडला आणि ते 2017 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घरच्यांसाठी सुद्धा पाच पायऱ्यांची एक पद्धत आहे, ब्रिटनमधली. आधी त्यांचं नीट ऐकायचं, मग त्यांना हवी ती माहिती द्यायची, मग ते आत्ता घरात कसे वागतात, सहन करतात की भांडतात की अंग काढून घेतात, त्यातून काय फायदा होतो काय तोटा होतो ते त्यांच्याबरोबर बसून बघायचं, आधाराला कोण आहे ते शोधायचं आणि शेवटी पुढे आणखी काय मदत लागेल ते ठरवायचं. मला सगळ्यात आवडलं ते हे की यात व्यसनी माणूस खोलीत असायची गरजच नाही. ही पद्धत गोव्यातल्या कुटुंबांबरोबर अशाच साध्या समुपदेशकांनी वापरून बघितलेली आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही घरच्या बायकांसाठी सहचरी गट चालवला. म्हणजे रस्ता माहीत आहे, तो साखळी, वाळपई, पेडणे, काणकोणपर्यंत सरकारने न्यायचा बाकी आहे.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला सर्व्हे 2019 साली आला, त्यात गोव्यात 10 ते 75 वयातले 28 टक्के लोक दारू पितात असं निघालं, देशातल्या वरच्या राज्यांत आपला नंबर. आणि देशभरात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. बाकीचे 37 घरीच असतात ना, त्यांना सांभाळतं कोण?

सकाळची ओपीडी नको, संध्याकाळच हवी. कुंडई किंवा पिसुर्ल्याच्या कारखान्यात कामाला जाणारी बाई सकाळी आली तर तिचा पगार कापला जातो, आणि सत्तरीतून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. बाहेर व्यसनमुक्ती असा मोठा बोर्ड नको, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, नुसतं कुटुंब सल्ला एवढं लिहा. समुपदेशक मराठी-कोंकणी बोलणारा हवा आणि दर आठवड्याला तोच हवा, दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं त्राण आमच्यात नाही. तोपर्यंत वाचणाऱ्यांनी दोन फुकट नंबर लिहून ठेवा, नशामुक्तीसाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी टेलीमानस 14416. त्यावर घरच्यांनीही फोन करावा, व्यसनी माणसानेच करायला पाहिजे असं नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, ठराव घेऊन तो आरोग्य खात्याला पाठवा म्हणून. दुसऱ्या पंचायतींमधल्या लोकांनीही मांडावा, आपल्या घरातलं काही सांगायची गरज नाही, नुसती संध्याकाळच्या केंद्राची मागणी करा. बहिणीची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नका ही विनंती.

आपला,
एक मामा, डिचोली तालुका