सल्ला चुलीपर्यंत पोहोचावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात मेळघाट, नंदुरबारमधून कुपोषणाच्या बातम्या येतात आणि चर्चा औषधे व खाटांवर थांबते. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मूल साधारण 14 दिवसांत वजन धरू लागते. तिथे आहारतज्ज्ञ असतो. घरी जाताना मात्र आईला सांगितले जाते, ‘दूध, अंडी, फळे द्या.’

ती कुठून आणणार? अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम, जेमतेम 570 उष्मांक. बाकी सारे मजुरीवर. पीक हाती येण्याआधी मजुरी आटली की आधी डाळ-तेल सुटते, मग पेज पातळ होते. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक पेलाभर मावते. पातळ पेजेने पोट भरते, पण वाटीभर पेजेत पुरते 50 उष्मांकही नसतात.

त्याच वाटीत 30 ग्रॅम नाचणीचे पीठ, चमचाभर तेल, 10 ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि तेवढाच गूळ घातला, तर सुमारे 240 उष्मांक मिळतात. पण ती इतकी घट्ट होते की मूल गिळत नाही, आणि आई पुन्हा पाणी ओतते. इथे मोड आलेल्या नाचणीचे पीठ कामी येते. नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवून अगदी हलकी भाजावी, मोड चोळून काढून दळावी. शिजलेली पेज थोडी निवली की त्यातले चमचाभर पीठ घालून ढवळावे. पाण्याशिवाय ती सैल होते. मग एक उकळी द्यावी. पीठ थेट उकळत्या पेजेत टाकले किंवा नाचणी खरपूस भाजली, तर हा गुण जातो. पावसात मोडांना बुरशी धरते, म्हणून थोडीच करावी.

हे पत्रकातून कळत नाही, चुलीपाशी दाखवावे लागते. त्यासाठी प्रत्येक आदिवासी बालविकास प्रकल्पात पूर्णवेळ आहारतज्ज्ञ हवा. घरात खाणारी तोंडे किती, रेशन कितव्या तारखेला संपते, आई मजुरीला गेल्यावर मुलाला कोण भरवते, हे विचारूनच त्याने आहार ठरवावा आणि अंगणवाडी सेविकांना हे करून दाखवावे. कुटुंब स्थलांतरित होत असेल, तर कामाच्या गावी रेशन उचलता येते हेही सांगावे.

केंद्रातून घरी गेल्यावर दर पंधरवड्याला एक, अशा चार तपासण्या ठरलेल्या आहेत. त्यासाठी आईची मजुरी बुडते, म्हणून भेटी चुकतात. त्यांपैकी निदान दोन आहारतज्ज्ञाने मुलाच्या घरी जाऊन कराव्यात, अशी आमची मागणी आहे.

– आदिवासी भागात काम करणारे आहारतज्ज्ञ, अमरावती