सही घेतली म्हणून जबाबदारी संपत नाही

महोदय,

साहसी खेळांतील वैयक्तिक जबाबदारीविषयी आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याने अपघातानंतर सुरक्षा साधनांवरून खटले भरू नयेत, हे लेखकाचे म्हणणे मला अर्धेच पटते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ८७ नुसार वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध दावा करता येत नाही, तसेच उघड धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. स्वतः पारखून हेल्मेट घेणाऱ्या सायकलपटूच्या बाबतीत हे रास्तच आहे. परंतु कळंगुट किंवा बागा येथे पॅरासेलिंगसाठी आलेल्या पर्यटकाला, खाऱ्या हवेने आणि उन्हाने पट्टा किती विरला आहे, हे कसे कळावे? दुसऱ्याने चढवलेले जाकीट तो अंगावर घेतो आणि पुढे केलेल्या कागदावर बहुधा न वाचताच सही करतो (मीही केली आहे). जानेवारी २०२५ मध्ये पेडणे तालुक्यातील केरी येथे पॅराग्लायडिंगच्या अपघातात पर्यटक तरुणीसोबत चालकाचाही जीव गेला, हे येथे विसरता येत नाही.

‘स्वतःच्या जोखमीवर’ असे लिहून घेतल्याने साधनांची निगा राखण्याचे व्यावसायिकाचे कर्तव्य टळत नाही. सही मागण्यापूर्वी त्याने तपासणीची नोंदवही गिऱ्हाइकापुढे ठेवावी आणि पर्यटन खात्याने परवान्यासाठी तशी अट घालावी.

– एक वाचक, म्हापसा