सांदवाडीतल्या माचासाठी आभार

आदरणीय काकाजी,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. तुमचा नातू आमच्या शाळेत सातवीत आहे, तो वाचून दाखवेल. पण हे पत्र मी मुद्दाम चारचौघांसमोर लिहिते आहे. तुम्ही केलं ते आमच्या चार भिंतींतच राहावं, असं मला वाटत नाही.

आज नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापत्या नऊ दिवसांतला, चौथा दिवस. दुपारी पारा ४५ अंशांच्या वर होता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. पाच वाजता उन्हं घरामागे गेली आणि आमच्या सासूबाई माचावर येऊन बसल्या. मांडीवर परात घेऊन एका हातानं चिंचा फोडत होत्या. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि मला रडू आलं. मागच्या वर्षी याच दिवसांत त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जेवण विचारलं तर मानेनं नाही म्हणायच्या.

तो माच आमच्या मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातचा. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कडूनिंबाखाली, दगडांवर टेकवलेला, जमिनीपासून हातभर उंच, सागवानी फळ्यांचा. आमची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. सिमेंटचा ओटा अशा जमिनीवर टिकत नाही हे मामाजींना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी फळ्यांचा माच केला. उन्हाळाभर घर तिथंच असायचं. रात्रीची जेवणं तिथं, कुरड्या-पापड तिथं, मुलांचा अभ्यास तिथं. मामाजी गेले आणि माचाकडे कोणी पाहिलं नाही. फळ्या उलल्या, खिळे वर आले, एका पायाला वाळवी लागली.

मग दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. आमचं घर स्लॅबचं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो, आणि लाइन गेली की कूलर नुसता डबा. त्यांना एकच हवं होतं, संध्याकाळी सांदवाडीत बसायचं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तालुक्याच्या ठिकाणच्या एका ठेकेदाराला काम दिलं. त्यानं माचावर टिनाचं छप्पर टाकलं, दारापासून माचापर्यंत सिमेंटचा उतार केला, त्यावर टाइल्स बसवल्या आणि धरायला लोखंडी पाइप लावला. २२ हजार मोजून घेतले. टिनाखाली दुपारी चारलासुद्धा बसवत नव्हतं. पाइप इतका तापायचा की हात लावला की चटका. मृगाच्या आधीच्या वादळात दोन पत्रे उडाले, एक शेजारच्या गोठ्यावर जाऊन पडला. गोठ्यात तेव्हा जनावर नव्हतं, म्हणून निभावलं. खाली मुरूम न टाकता काळ्या मातीवरच सिमेंट ओतलं होतं, त्यामुळे पावसाळ्यात माती फुगली आणि टाइल्स एकेक करून उचलल्या गेल्या. पुढं त्याचा फोन लागला नाही. मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. तो पाइप त्यानं उजव्या बाजूला लावला होता. ज्या बाईसाठी काम चाललं होतं ती समोर खुर्चीवर बसलेली होती, तिचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला होता, आणि आठ दिवसांत त्या माणसाला ते दिसलं नाही.

त्यानंतर तीन सुतारांनी 'उद्या येतो' म्हटलं. नातेवाइकांनी सांगितलं, आता या वयात त्यांना काय करायचं बाहेर बसून, एक मोठा कूलर घ्या. मी ऐकून घेतलं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले ती फक्त चार तट्टे, बांबूच्या विणलेल्या चटया, विकत घ्यायला. तुम्ही अंगणात बांबू चिरत होतात. कशाला पाहिजे, असं तुम्ही विचारलंत आणि मी सगळं बोलून बसले. तुम्ही मधे एक शब्द बोलला नाहीत. शेवटी विचारलंत,

"बाई, माईचा चालता हात कोन्ता हाय?"

काकाजी, दीड वर्षात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. ठेकेदारानं नाही, सुतारांनी नाही, आम्हीही स्वतःला नीट विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलवर आलात. माचावर आधी स्वतः बसलात, सासूबाई बसतात तिथं, त्यांच्यासारखेच भिंतीला टेकून. ऊन कुठून येतं ते बघितलंत. मग सांगितलंत, "मी करून देलं त मोडलं का मलेच बोलावसान. तुमच्या हातानं करा, मी दाखवतो." यांना आणि माझ्या मुलाला हे ऐकून घाम फुटला होता, पण महिनाभर सुट्टीचे सगळे दिवस आम्ही तिघं त्या माचावरच होतो.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर मानवेल बांबूचं बेट आहे. गावात सगळे भीती घालायचे, तोडाल तर जंगल खातं पकडेल. तुम्ही म्हणालात, तो काळ गेला. मी वाचून खात्री केली आणि तुमचं बरोबर निघालं. २०१७ मध्ये कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू काढला गेला, आपल्या शेतातल्या बांबूला आता ती भीती नाही. तुम्ही बेटात फिरून फक्त तीन वर्षांचे बांबू निवडलेत, कोवळ्याला हात लावू दिला नाहीत. कापलेले बांबू विहिरीजवळच्या टाक्यात बुडवून ठेवायला लावलेत, कारण आतली गोडी पाण्यात उतरली नाही तर भुंगा लागतो आणि वर्षभरात पीठ गळायला लागतं. मी वीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवते. एवढं सोपं करून मी कधी काही सांगितलं असेल, असं वाटत नाही.

सगळं काम लिहीत बसत नाही. फळ्या घासल्या, खिळ्यांच्या जागी स्क्रू आले, वाळवी लागलेला पाय बदलला, उतारावरच्या टाइल्स काढून मुरूम चोपला आणि वर खडबडीत शहाबादी फरशी बसवली. टिनाच्या जागी मांडव आला, तट्टे आणि वर तुराट्या. वारा त्यातून निघून जातो, म्हणून यंदाच्या वादळात काडीही हलली नाही. पश्चिमेला वाळ्याचा पडदा आहे. त्यावर पाणी मारलं की कोरडा वारा गार होऊनच आत येतो. आणि जवसाचं तेल लावायला घेतलेल्या चिंध्यांचे बोळे एका ढिगात टाकू नका, तारेवर मोकळे पसरून वाळवा, उन्हाळ्यात ते आपल्या आपण पेट घेतात, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही ते गोठ्यातल्या कुटाराजवळच फेकले असते.

पण मला लिहायचं आहे ते कठड्याबद्दल.

कठडा डाव्या बाजूला लावला. उंची तुम्ही टेपनं मोजली नाहीत, सासूबाईंना उभं करून त्यांचा डावा हात जिथं आपोआप पडला तिथं खूण केलीत. माझ्या मुलानं काचपेपरनं बांबू घासला, पुसला आणि म्हणाला, झालं. तुम्ही तळहात फिरवलात. मग थांबलात, खाली वाकलात आणि त्या बांबूवर गाल टेकवलात. डोळे मिटून गाल हळूहळू पुढं नेत राहिलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग बांबूच्या खालच्या अंगालाही, जिथं बोटांची पकड येते. दोन गाठींशी थांबून कोयत्याच्या पात्यानं खरवडलंत आणि पुन्हा गाल लावलात. आमचा मुलगा बघतच राहिला. त्यानं विचारलं, आजोबा, असं का? तुम्ही तळहात पुढं केलात. पन्नास वर्षं बांबू चिरून त्या हाताचं कातडं चामड्यासारखं झालेलं.

"माह्या हाताले आता काईच लागत नाई, बाबू. गालाले समजते."

सासूबाईंना साखर आहे. हाताला बारीकशी कूस गेली तरी जखम महिनाभर भरत नाही, आणि त्यांना एकच हात आहे. हे मी तुम्हाला एकदाच, बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. दुसऱ्या टोकाला पोचलात तेव्हा तुमच्या गालावर लाल ओरखडा होता, त्यातून रक्ताचा एक ठिपका आला होता. तुम्ही तो बाहीला पुसलात आणि म्हणालात, "आता येऊ द्या माईले."

मोठं काम करून देणारी माणसं मिळतात, पैसे मोजले की मिळतात. दुसऱ्याच्या हाताला काय लागेल ते आधी आपल्या अंगाला लावून बघणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता. शिकलेल्या माणसांत पाहिला नाही, आमच्या शिक्षकांत पाहिला नाही, खरं सांगते, माझ्यात पण पाहिला नाही. आता वर्गात एखादं पोर गणित चुकलं की मी आधी त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसते, तिथून फळा कसा दिसतो ते बघते. ही सवय तुमच्याकडून आली.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तट्ट्याचे द्या, बाकीचे राहू द्या." यांनी बळेच खिशात कोंबले, तर तुम्ही ते जाताना चुपचाप तुळशीच्या कुंडीखाली ठेवून गेलात. संध्याकाळी दिवा लावताना मला सापडले. मी ते वेगळे ठेवले आहेत. तुमच्या नातवाला पुढं नववीची पुस्तकं-वह्या लागतील तोवर ते तसेच राहतील, आणि या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

पाडव्याच्या दिवशी सासूबाई डाव्या हातानं कठडा धरून माचावर चढल्या. मी मागं होते, पण हात लावला नाही. वर पोचल्यावर त्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि बऱ्याच महिन्यांनी अख्खं वाक्य बोलल्या. म्हणाल्या, "गुळगुळीत आहे गं."

तुमचा छोटा कोयता आमच्याकडेच राहिला आहे. मांडवाच्या आड्यात खोचून ठेवला आहे, सासूबाई रोज विचारतात की नेला का. न्यायला या, पण पाचनंतर या. तेव्हा त्या माचावर असतात. आंब्याचं पन्हं माठात गार करून ठेवलेलं असेल.

तुमची,
शाळेतली बाई