लोकप्रतिनिधींनी समाजमाध्यमांवर दिलेल्या उत्तरांची नोंद व्हावी

महोदय,

मुंबईतील नगरसेवक, आमदार आणि खासदार एक्स, फेसबुक व व्हॉट्सॲपवरून मतदारांशी थेट बोलू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. हिंदमाता परिसरात पाणी तुंबले की त्याचे छायाचित्र काही मिनिटांत लोकप्रतिनिधीपर्यंत पोहोचते. २०२० च्या टाळेबंदीत तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून राज्याशी बोलत, तेव्हा घरात अडकलेल्या अनेकांना धीर मिळाला, असे मला आजही वाटते. माझा आक्षेप माध्यमावर नाही. तेथे मांडलेल्या तक्रारीची आणि मिळालेल्या आश्वासनाची दफ्तरी नोंद राहील याची कोणतीही हमी नाही, यावर आहे.

आमच्या भागात मॅनहोलचे झाकण तुटले होते. एका रहिवाशाने त्याचे छायाचित्र एका लोकप्रतिनिधीच्या पानावर टाकले. ‘संबंधित अधिकाऱ्यांना सूचना दिल्या आहेत’ असे उत्तर लगेच आले आणि त्याखाली आभारांची रांग लागली. पुढे विभाग कार्यालयात चौकशी केली असता अशी कोणतीही तक्रार तेथे नोंदलेलीच नाही, असे कळले. ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलने माणसाचा बळी घेतलेल्या शहरात ही बाब किरकोळ मानता येत नाही. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार केली की तिला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाच्या आधारे पाठपुरावा करता येतो आणि दाद लागली नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये त्या कागदावर काय कार्यवाही झाली हे विचारता येते. खासगी खात्यावरील उत्तराबाबत यांपैकी कोणताच मार्ग खुला राहत नाही. ते उत्तर उद्या पुसले गेले तरी विचारणार कोणाला?

शिवाय खाते पदाचे नसते, व्यक्तीचे असते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, २२७ नगरसेवकांची पदे संपुष्टात आली आणि कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. त्यापूर्वी या खात्यांवरून जी आश्वासने दिली गेली, त्यांचे पुढे काय झाले, हे शोधण्यासाठी नागरिकांजवळ कागद नव्हता. याउलट सभागृहात मांडलेली ठरावाची सूचना किंवा प्रभाग समितीत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात राहतो, आणि माणूस बदलला तरी पुढच्याला त्याचा जाब विचारता येतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांना घटनेत स्थान दिले, ते कारभार लोकांच्या जवळ यावा आणि त्याचा हिशेब राहावा म्हणूनच, अशी माझी समजूत आहे.

हे अशक्य नाही, हे रेल्वेने दाखवून दिले आहे. प्रवाशाने एक्सवर तक्रार केली की त्याच्याकडून पीएनआर आणि मोबाइल क्रमांक मागवला जातो आणि ती तक्रार ‘रेल मदद’ यंत्रणेत क्रमांकासह नोंदवली जाते. महापालिकेनेही हीच पद्धत लोकप्रतिनिधींच्या खात्यांवर येणाऱ्या तक्रारींसाठी सुरू करावी. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने अशी तक्रार १९१६ च्या यंत्रणेत नोंदवून तिचा क्रमांक त्याच उत्तरात द्यावा, आणि प्रलंबित तक्रारींची यादी दरमहा प्रभाग समितीपुढे ठेवावी.

टीका करणाऱ्या मतदाराला ब्लॉक करण्याचा प्रश्नही यात येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये यावर निकाल देताना, संबंधित व्यक्ती शासनाच्या वतीने बोलण्याच्या अधिकारात बोलत होती का, हा निकष लावला. आपल्याकडेही जे खाते पदाच्या कामासाठी वापरले जाते, त्यावरून मतदाराला हुसकावता येणार नाही, असा स्पष्ट नियम राज्य शासनाने करावा आणि तो नगरसेवकांपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांना लागू असावा.

— एक मतदार, माटुंगा, मुंबई