कॅसाब्लांका रंगवताना

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, ‘कॅसाब्लांका’वरच्या चित्रप्रदर्शनासाठी तीन तैलचित्रं करायचं ठरवलंत ना, मग कॅनव्हास आणण्याआधी हे वाचा. पहिली चूक दुकानातच होते. १९४२च्या या सिनेमाची चौकट रुंदीला १.३७, तर उंचीला १ अशी आहे. तयार मिळणारा ३६ × २४ इंची कॅनव्हास तिच्याहून लांबट आणि ३० × २४ आखूड. एकात कडेला रिकामी जागा उरते, दुसऱ्यात कडेचा माणूस कापला जातो. ३३ × २४चा ताणून घ्या.

सिनेमा कृष्णधवल म्हणून नुसता काळा-पांढरा रंग घेऊन बसू नका. आयव्हरी ब्लॅकमध्ये टायटॅनियम व्हाइट घातलं की निळसर राखाडी येतो आणि चेहरे निर्जीव दिसतात. बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) निम्मे-निम्मे घोटा. अंबर वाढवला की करडा उबदार होतो, अल्ट्रामरीन वाढवला की गार. नायक रिकच्या कॅफेला उबदार, विमानतळाच्या रात्रीला गार. पांढरा कमी-जास्त घालून गडद ते फिक्या अशा सात छटा आधीच घोटून ठेवा, मधल्या तीन दुप्पट. चेहरे त्यांतच घडतात, आणि अर्ध्यावर रंग संपला तर तोच करडा पुन्हा जुळत नाही.

छायालेखक आर्थर एडसनने नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या डोळ्यांत चमक यावी असे दिवे लावले आणि चेहरा मऊ दिसावा म्हणून भिंगापुढे झिरझिरीत जाळी धरली. म्हणून तिच्या चेहऱ्याला रेघ नको. गालाची कड कोरड्या ब्रशने पुसट करा, रिक झालेल्या बोगार्टची मात्र धारदार राहू द्या. निव्वळ पांढरा फक्त तिच्या डोळ्यांतल्या ठिपक्यासाठी राखा. तो आधी कॉलरवर खर्च झाला तर डोळे विझतात.

तिन्हींत मला सगळ्यांत जवळचा प्रसंग ‘मार्सेयेज’चा, कॅफेतली गर्दी फ्रान्सचं राष्ट्रगीत गाते तो. गर्दी म्हणून तिथे नुसते ठिपके मारू नका, निदान चार चेहरे नीट रंगवा. त्यांतली बरीच माणसं खरोखरच घरदार सोडून आलेली होती. इव्हॉन झालेली मादलेन लेबो आणि रूलेटच्या टेबलावरचा मार्सेल दालियो हे तेव्हाचं जोडपं १९४० मध्ये पॅरिसहून निघालं होतं. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळेच जर्मनी सोडून आला होता. इव्हॉनच्या डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या थेंबाने दाखवू नका. खालच्या पापणीशी एक छटा उजळ रेघ पुरते.

कॅफेतला पियानोवाला सॅम, त्याचा पियानो छोटा आहे, ८८ नव्हे, ५८ पट्ट्यांचा. आणि सॅम झालेला डूली विल्सन मुळात ड्रमवादक. पियानो त्याला वाजवता येत नव्हता, तेव्हा बोटांची ठेवण दुसऱ्या कुणा पियानोवादकाची बघून घ्या.

विमानतळाचा शेवटचा प्रसंग स्टुडिओतच घेतला. मागचं विमान लहान आकाराची प्रतिकृती, म्हणून भोवती बुटकी माणसं उभी केली आणि धुकं सोडलं. तुम्ही ते विमान रेखीव काढलंत तर खेळणं दिसेल. खालचा थर हाताला पूर्ण कोरडा लागू द्या, मगच सर्वांत फिका करडा पातळ करून वरून फिरवा. घाई केली की धुक्याचा चिखल होतो.

अंबरमुळे गडद भाग वाळल्यावर मंद, डागाळलेले दिसतील. जवस तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन फडक्याने अगदी पातळ चोळा आणि जास्तीचं टिपून घ्या. खिडकी उघडी ठेवा. पक्कं वॉर्निश सहा महिन्यांच्या आत नको, प्रदर्शनापुरतं रिटचिंग वॉर्निश (पातळ, तात्पुरतं) चालेल. ते तेलकट फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. आई, एवढ्यावर तू लक्ष ठेव: पाण्यात भिजवून, पसरून बाहेर वाळवायचं.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सें.मी.वर. काच लावू नका, गडद चित्रात बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. दिवा वरून, भिंतीशी ३० अंशांत. आई, नावांच्या चिठ्ठ्या तुझ्याच अक्षरात हव्यात: नाव, माध्यम, आकार, वर्ष. आकारात उंची आधी, म्हणजे २४ × ३३.

पहिल्या चित्राचा करडा थर झाला की दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठवा.

तुमची,
लेक