शेवटच्या रांगेत येऊन बसलेल्या शूटिंगवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो बाई, त्यात काय एवढं" म्हणता आणि दुसराच विषय काढता. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. एवढंच सांगते की तालुक्याच्या गावात तुमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग, अल्बम, लग्नपत्रिका हे तुमचं काम. शिक्षण खात्याशी तुमचा काडीचा संबंध नाही. आणि पुणे जिल्ह्याच्या घाटाकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पडद्यावर जे दिसतं ते मुलांना कळायला लागलं, ते तुमच्यामुळे.

ज्यांचं हे काम होतं, त्यांच्याबद्दल आधी बोलते. मनात फार दिवस साचलेलं आहे. एका प्रशिक्षणात सभागृह भरून आम्ही शिक्षक बसलो होतो. मार्गदर्शकांनी वर्गात प्रेझेंटेशन आणि व्हिडिओ कसे वापरावेत यावर स्लाइड लावल्या आणि त्या वाचून दाखवल्या. स्लाइड इंग्रजीत, एकेकीवर पानभर मजकूर. व्हिडिओ कसा कापायचा ते दाखवताना त्यांचा माऊस इतका भरभर फिरला की पुढच्या खुर्च्यांवरच्यांनाही काही कळलं नसावं. मी उठून म्हटलं, सर, परत एकदा दाखवाल का? उत्तर आलं, "मॅडम, घरी मुलाला विचारा, तो सांगेल." सगळे हसले. निम्मी हयात फळ्यापुढे घालवलेल्या बाईला असं बसवणं किती सोपं असतं, ते त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्या सभागृहात कोणीच काही विचारलं नाही.

आमच्या गावाने लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला होता. ज्यांनी तो बसवला त्यांनी पडद्यासमोर नारळ फोडतानाचा फोटो काढून घेतला आणि ते गेले. पडद्यावर समोरच्या खिडकीतलं ऊन येतं हे त्यांनी पाहिलं नाही. नंतर फोन उचलला नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या मोबाईलवर रोज लिंका येत, आम्ही त्या पालकांना पाठवायच्या. घरात फोन एक, तो बापाबरोबर कामावर. बाप रात्री घरी येईपर्यंत लेकरू झोपलेलं. लिंक किती जणांना पाठवली याची माहिती मागवली जायची, किती जणांनी पाहिली हे कोणी विचारत नव्हतं.

साधनं नव्हती असं मी म्हणणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, धड्यांचे व्हिडिओ दाखवणारं सरकारी दीक्षा ॲप 2017 पासून आहे. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आमच्या शाळेत मुलांना आम्ही पेढे वाटले. पण साधन असणं आणि ते आमच्या वर्गातल्या मागच्या मुलापर्यंत पोचणं यात मोठं अंतर होतं. ते कोणी मोजायला आलं नाही. तुम्ही आलात.

तुमची गाठ पडली ती शिष्यवृत्तीच्या अर्जांना लागणाऱ्या फोटोंवरून. प्रशिक्षणातून मिळालेली तयार पीपीटी माझ्या पेनड्राइव्हवर होती. तुमच्या कॉम्प्युटरवर ती उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. शाळेतही तेच व्हायचं आणि आम्हाला वाटायचं, आमचा लॅपटॉप खराब आहे. तुम्ही म्हणालात, "बाई, लॅपटॉपला काही झालेलं नाही. हे आम्हा पत्रिकावाल्यांचं रोजचं दुखणं आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलंय, तो फॉन्ट ज्या मशीनमध्ये असेल तिथेच मराठी दिसणार. युनिकोडमध्ये टाईप करा, कुठेही उघडेल." झालं. जे दिवसभराच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही ते तुम्ही फोटोंचे कागद कापता कापता सांगितलंत. आणि युनिकोडमध्ये कसं टाईप करायचं ते दाखवताना माऊस माझ्या हातातून घेतला नाहीत. मी शोधत होते, तुम्ही थांबला होतात. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी थांबला होतात.

पण मला जे सांगायचं आहे ते पुढचं.

पौष होता, लग्नं नव्हती, म्हणून तुम्ही एक दिवस शाळेत आलात. पाचवीच्या परिसर अभ्यासातला पृथ्वीच्या फिरण्याचा पाठ चालू होता. आजवर शाळेत जे जे कोणी ही यंत्रं बघायला आले ते सगळे लॅपटॉपजवळ उभे राहिले, तिथूनच त्यांनी मान डोलावली आणि भेट-वहीत शेरा लिहिला. तुमच्यासाठीही मुख्याध्यापकांनी खुर्ची आणवली होती. तुम्ही चपला दारात काढल्यात, खुर्चीला "राहू द्या" म्हणालात, आणि मुलांच्या मधून वाट काढत भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसलात. नुसते बसला नाहीत. तुमची उंची चांगली, तर तुम्ही पाठ वाकवून मान इतकी खाली घेतलीत की तुमचे डोळे शेजारच्या मुलीच्या डोळ्यांच्या रेषेत आले. मुलं खुदखुदली. तुम्ही पडद्याकडे बघत राहिलात, मग तिला हळूच विचारलंत, "तुला काय दिसतंय गं?"

ती मुलगी वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तुम्हाला म्हणाली, "पिवळा गोल आणि त्याच्या भवती मुंग्या."

मुंग्या म्हणजे अक्षरं. तुम्ही तिथूनच मला सांगितलंत, "बाई, इथून परिवलन आणि परिभ्रमण सारखंच दिसतंय." पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि सूर्याभोवती फिरणं, दिवस-रात्र कशाने आणि वर्ष कशाने, हा सगळा पाठ त्या दोन शब्दांवर उभा आहे. आणि शेवटच्या रांगेला ते दोन शब्द वेगळे दिसतच नव्हते.

दादा, तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. तुम्ही म्हणालातही, की हॉलमध्ये स्क्रीन लावली की आधी मागे जाऊन बघायचं, ती सवयच आहे. पण मला त्या क्षणी रडू आलं होतं आणि मी फळ्याकडे तोंड केलं होतं, हे आज सांगते. तपासणीला आलेले, शिकवायला आलेले, उद्घाटनाला आलेले, इतक्या लोकांतून एकालाही त्या भिंतीपाशी जाऊन बसावंसं वाटलं नव्हतं. त्या रांगेत बसणारी मुलं कोणती असतात हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. उशिरा येणारी, ऊसतोडीवरून आईबापांबरोबर परतलेली, विचारलं तर खाली बघणारी. त्यांच्या जागेवरून शाळा कशी दिसते हे पाहायला तुम्ही चपला काढून गेलात आणि पाठ संपेपर्यंत तिथून उठला नाहीत.

त्यानंतर काय काय बदललं ते थोडक्यात सांगते, दुसऱ्या शाळांनाही उपयोग होईल. पडदा खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर गेला. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं होती, ती फिक्या पिवळ्यावर काळी आणि ठळक झाली, कारण आमची खोली पुरती अंधारी करता येत नाही. एका स्लाइडवर एक चित्र आणि दोन-तीनच शब्द, बाकीचं मी बोलते. गरगर फिरत येणारी अक्षरं तुम्ही काढायला लावलीत. "लग्नात इफेक्ट टाकतो ते पाहुण्यांनी इफेक्ट बघावेत म्हणून. इथे पोरांनी पृथ्वी बघायची आहे." हे तुमचं वाक्य मी शिक्षण परिषदेत तसंच्या तसं सांगितलं. आणि आवाज! पत्र्याखालच्या खोलीत माझा आवाज घुमायचा, रेकॉर्डिंग ऐकवत नव्हतं. तुम्ही शाळाभर फिरून टाळ्या वाजवून पाहिल्यात आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली कोठीची खोली पसंत केलीत. पोती घुमणारा आवाज खाऊन टाकतात. तेव्हापासून आमचे सगळे पाठ त्या पोत्यांमध्ये बसून रेकॉर्ड होतात, आणि आवाज अगदी स्वच्छ येतो.

मग मे महिना. याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही.

पाचवीच्याच काय, मोठ्या माणसांच्याही डोक्यात पक्कं असतं की रोज दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तसं होत नाही. आपल्याकडे वर्षातून दोनच दिवस सूर्य नेमका माथ्यावर येतो, आणि तेही बाराला नाही, आमच्या भागात मे महिन्यात साडेबाराच्या सुमाराला. तोच शून्य सावली दिवस. पुण्याला तो 13-14 मेच्या आसपास येतो, मुंबईला एक-दोन दिवसांनी, कोल्हापूरला आठवडाभर आधी, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरा येतो जुलै-ऑगस्टमध्ये, सूर्य दक्षिणेकडे परतताना. आता बघा, मे महिन्यात शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्या खेपेला आभाळ भरलेलं. महाराष्ट्रातल्या शाळेच्या मुलाला हा दिवस शाळेत बघायला मिळणं जवळजवळ अशक्य. चित्र काढून सांगितलं तर मुलं मान डोलावतात पण त्यांना ते पटत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. व्हिडिओ कशासाठी हवा असं मला कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते. जे फळ्यावर दाखवता येतं त्यासाठी प्रोजेक्टर पेटवूच नये.

मी तुम्हाला भीत भीत विचारलं होतं. ऐन लग्नसराई, त्यात संध्याकाळच्या एका लग्नाचं शूटिंग तुमच्याकडे ठरलेलं. तुम्ही हळदीला मदतनीस पाठवलात आणि दुपारच्या उन्हात शाळेच्या मैदानात ट्रायपॉड लावून उभे राहिलात. एका पाइपसाठी! गवंड्याचा ओळंबा आणून तो पाइप सरळ उभा आहे की नाही हे पाहिलंत. दर दहा सेकंदाला एक फोटो, असे दोन तास. स्वतःच्या डोक्यावर टॉवेल आणि कॅमेऱ्यावर छत्री, तीही अशी की तिची सावली चौकटीत येणार नाही. त्या दोन तासांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ झाला. सावली आखडत येते, पाइपच्या बुडाशी नाहीशी होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो लावला. तुम्ही सांगितलं होतंत तसा सावली नाहीशी व्हायच्या जरा आधी थांबवला आणि विचारलं, आता काय होईल? कोणी म्हणालं लांब होईल, कोणी म्हणालं आहे तिथेच राहील. मग पुढे सोडला. वर्गात असा गलबला झाला की शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले. लगेच एकाचा हात वर, "बाई, दिल्लीला पण असंच?" दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. पुढचा अर्धा तास आम्ही नकाशावर कर्कवृत्त कुठून जातं ते बोटाने फिरून पाहत होतो, लॅपटॉप बंद करून. व्हिडिओने अर्धं मिनिट घेतलं आणि अख्खा तास दिला.

चांगुलपणाबद्दल हल्ली फार निराशेने बोललं जातं. मला ते मान्य नाही. आमच्या गावचा वायरमन शाळेची लाइट गेली की स्वतःचं जेवण टाकून येतो. एसटीचे कंडक्टर तालुक्याहून आमच्या छापील प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा सांभाळून आणतात. डिसले सरांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, ते त्या लायक आहेत म्हणून. ही सगळी माणसं एकाच जातकुळीतली. समोरच्याला कमी न लेखता, त्याच्या कामाला आपलं काम समजून हात लावणारी. ज्यांना या कामाचा पगार आहे त्यांच्यातही अशी माणसं आहेत, मला भेटली नाहीत एवढंच. तुम्ही भेटलात, म्हणून मी पुन्हा प्रश्न विचारायला लागले. मागच्या एका प्रशिक्षणात मी उभी राहून "परत दाखवा" म्हणाले, आणि माझ्यामागे आणखी तीन-चार बाया उभ्या राहिल्या.

आता एक काम. सहावी-सातवीच्या मुलांना मावळतीचा सूर्य शूट करायचा आहे. 22 डिसेंबरपासून दर महिन्याला, मैदानातल्या एकाच जागेवरून, म्हणजे उत्तरायणात तो समोरच्या डोंगरांवरून उजवीकडे कसा सरकत जातो ते कळेल. मे महिन्यापर्यंत जमेल, पुढे पाऊस. शूटिंग तीच करणार, तुम्ही फक्त एकदा येऊन जागा ठरवून द्या. मोबाईलचा साधा ट्रायपॉड घ्यायला वर्गणीतून पैसे मंजूर झाले आहेत. तो कुठला घ्यावा, वाऱ्यात हलणार नाही असा, ते दिवाळीच्या आत कळवा. आणि या वेळी घरच्यांनाही घेऊन या, जेवण आमच्याकडे.

तुमची,
पाचवीच्या बाई