गोळ्या मध्येच सोडू नकोस

चि. सुहास यास,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर मी नुसतं हं हं करत होते. ठेवल्यावर सगळं सुचलं, म्हणून लिहिते.

डोळ्याच्या दुखण्याचं मूळ आतड्यात निघालं, हे अजून गळी उतरत नाही. आधी मनगटं-गुडघे सुजायचे, मग डोळा लाल, उजेड सहन होईना. स्टेरॉइडचे थेंब घातले की चार दिवस बरं, पुन्हा तेच. पण तू प्रत्येक दुखणं तारखेसकट वहीत मांडून डॉक्टरांपुढे ठेवलंस, तेव्हा कुठे त्यांनी पोटात दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि व्हिपलचा आजार निघाला. मीनलच्या सासरीसुद्धा मी हे अभिमानाने सांगितलं.

तिनेच वाचून दाखवलं. व्हिपल नावाच्या डॉक्टरांनी हा आजार १९०७ साली पहिल्यांदा नोंदवला, पण त्याचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता यायला २००० साल उजाडलं. इतका दडून बसणारा जंतू! म्हणून म्हणते, शिरेतून इंजेक्शनं झाली, आता को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या वर्षभर म्हणजे वर्षभर. दोन महिन्यांत डोळा निवळेल, वजन भरेल, आणि तुला वाटेल, आता कशाला? अर्धवट सोडलं तर तो उलटतो, मेंदूपर्यंतही जातो म्हणे.

सहावीत टायफॉइड झाला तेव्हा ताप उतरल्यावर तू गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरायचास. पाणी घालताना माती पांढरी दिसली म्हणून कळलं. बाबा चिडले, तर आजीच्या पदराआड जाऊन बसलास. किती काटकुळा झाला होतास! परवा व्हिडिओवर तुझी गळ्याची हाडं दिसली आणि तोच चेहरा आठवला.

पुन्हा गोळ्यांवरच आले बघ. चाळिशीच्या माणसाला असं बजावू नये, कळतं मला. रागावू नकोस. पण पाणी भरपूर पी, सल्फाची गोळी आहे. अंगावर पुरळ उठलं तर थंडीमुळे असेल म्हणून गप्प बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. रक्ततपासणीही चुकवू नकोस. आणि बरं वाटलं तरी

असो. मेतकूट आणि भाजणी बाबा सोमवारी पोस्टात टाकतील. गोळ्या संपायची तारीख कळव, नवीन कालनिर्णय आलं की त्यावर लिहून ठेवते. डोळे पुन्हा कधी दाखवायचे आहेत तेही लिही.

तुझी,
आई